एका वेळी एकच माणूस चालेल: डेटिंग ॲपवाल्यांना खुलं पत्र

डेटिंग ॲप बनवणाऱ्या, चालवणाऱ्या आणि त्यात कुठलं बटण कुठे असावं हे ठरवणाऱ्या सर्वांना,

स. न. वि. वि.

पत्र तुम्हालाच का, हे आधी सांगते. प्रेमाबद्दल तक्रार असली की लोक पिढीला बोल लावतात, नाहीतर काळाला. पिढीला पत्ता नसतो आणि काळ उत्तर देत नाही. तुमची मात्र कार्यालयं आहेत, ग्राहक सेवा विभाग आहे. शिवाय जुळवाजुळवीचं काम आता बऱ्याच अंशी तुमच्याकडेच आलं आहे. स्टॅनफर्डचे समाजशास्त्रज्ञ मायकेल रोझेनफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये अमेरिकेतल्या जोडप्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. २०१७ मध्ये भेटलेल्या स्त्री-पुरुष जोडप्यांपैकी सुमारे ३९ टक्के ऑनलाइन भेटली होती. मित्रमैत्रिणींमार्फत ओळख होण्याचं प्रमाण १९९५ मध्ये ३३ टक्के होतं, ते २० वर आलं होतं. म्हणजे "अगं, तुझी एकाशी ओळख करून द्यायची आहे" म्हणणाऱ्या मैत्रिणीची जागा तुम्ही घेतलीत. त्या मैत्रिणीला जाब विचारता यायचा. तिने भलत्याशीच गाठ घालून दिली तर पुढे वर्षभर तिला ऐकून घ्यावं लागायचं. तेवढा हक्क तुमच्यावरही सांगायला हरकत नसावी.

मला जवळचे लोक जुन्या वळणाची म्हणतात. चिडून नाही, कौतुकानेही नाही. एखाद्याला ऐकायला कमी येतं हे सांगावं, तसं सांगतात.

माझं वळण खरं तर फार जुनं नाही. मी एका वेळी एकाच माणसाशी बोलते. बोलणं थांबवायचं असेल तर तसं सांगून थांबवते. काही भेटींनंतर आपण दोघं नक्की कुठे आहोत हे विचारते, आणि समोरच्याने विचारलं तर आडवळणं न घेता उत्तर देते. कुणी आवडलं तर आवडलं म्हणते. ते कळू नये म्हणून मुद्दाम उशिरा उत्तर पाठवत नाही. यातलं काय पन्नास वर्षांपूर्वीचं आहे? पण हे ऐकल्यावर सल्ले सुरू होतात. एवढ्यात गुंतू नकोस. दोन-तीन जण हाताशी असू देत. तोही ठेवत असणारच.

हा शेवटचा सल्ला मला सगळ्यात जास्त खुपतो, कारण तो बहुतेक वेळा खरा असतो. तोही दोघी-तिघींशी बोलत असतो. का, तर मीही बोलत असेन असं त्याला वाटतं. आणि तो बोलत असेल म्हणून मीही बोलावं असं मला सांगितलं जातं. मनापासून कुणालाच नको असलेली गोष्ट अशी सगळे मिळून करत राहतात, आणि जो करत नाही तो भोळा ठरतो. माझं म्हणणं एवढंच आहे की हे आपोआप झालेलं नाही. निदान अर्धं तरी तुम्ही घडवलेलं आहे.

गैरसमज नको म्हणून एक गोष्ट लगेच सांगून टाकते. हे नीतीचं प्रवचन नाही. कुणी किती जणांना भेटावं, लग्न करावं की करू नये, एका रात्रीची ओळख असावी की आयुष्यभराची, हा ज्याचा त्याचा प्रश्न. दोघांना ठाऊक आहे आणि दोघांना चालतं, तिथे तिसऱ्याने नाक खुपसू नये. पूर्वीचं सगळं सोन्याचं होतं असंही मी म्हणणार नाही. पूर्वी कितीतरी लोकांना प्रेम करायची सोयच नव्हती. समलिंगी माणसाने कुणाला विचारायचं, कसं विचारायचं आणि विचारल्यावर जीव वाचेल का, हे प्रश्न होते. ग्राइंडर हे मुख्यतः समलिंगी पुरुषांसाठीचं ॲप २००९ मध्ये आलं तेव्हा अशा असंख्य लोकांना पहिल्यांदाच कळलं की आपण एकटे नाही, आपल्यासारखं कुणीतरी अगदी जवळच आहे. घटस्फोटित, विधवा, विधुर, चाकोरीबाहेरच्या वेळा असलेले, मुळातच लाजरे, अशांनाही तुम्ही एक दार उघडून दिलंत. त्याचं श्रेय तुमचंच. (माझी तक्रार दाराबद्दल नाही, आत शिरल्यावर जे बसायलाच देत नाहीत त्याबद्दल आहे.)

यंत्राला जोडीदार शोधायला सांगणं हेही काही नवीन नाही. १९६५ मध्ये हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी ‘ऑपरेशन मॅच’ सुरू केलं होतं. लांबलचक प्रश्नावली भरून द्यायची, उत्तरं कार्डांवर चढायची, संगणक त्यातून जुळणारी काही नावं काढायचा आणि यादी टपालाने घरी यायची. नंतर संगणक बाजूला व्हायचा. पुढचं काय ते त्या दोघांचं. मॅच डॉट कॉम हे जोडीदार शोधायचं संकेतस्थळ १९९५ मध्ये सुरू झालं तेव्हाही माणसं बसून एकमेकांबद्दल वाचायची. संगणक आला म्हणून प्रेम बिघडलं असं मला वाटत नाही. बिघाड आहे तो तुम्ही बाजूला व्हायचं बंद केलंत त्यात.

स्वाइपचंच घ्या. टिंडर २०१२ मध्ये आलं आणि लवकरच माणूस आवडला तर उजवीकडे, नको तर डावीकडे सरकवायची वस्तू झाला. ही कल्पना ज्यांच्या नावावर आहे ते सहसंस्थापक जोनाथन बदीन यांनी तिच्याबद्दल बोलताना मानसशास्त्रातल्या कबुतरांच्या प्रयोगांचा उल्लेख स्वतःहून केला आहे. ते प्रयोग बी. एफ. स्किनर यांचे. पेटीतलं कबूतर बटणावर चोच मारतं आणि दाणा मिळतो. प्रत्येक वेळी दाणा मिळत असेल तर पोट भरलं की ते थांबतं, आणि दाणे बंद झाले की लवकरच नाद सोडतं. पण दाणा कधी तिसऱ्या टोच्याला, कधी तिसाव्या, कधी सलग दोनदा असा बेभरवशाने येऊ लागला, तर कबूतर टोचतच राहतं. दाणे पूर्ण बंद केले तरी कितीतरी वेळ टोचतं. जुगाराची यंत्रं याच तत्त्वावर चालतात.

आता तुमच्या पडद्यावर हे कसं दिसतं ते बघा. जुळणी, म्हणजे दोघांनीही एकमेकांना पसंत करणं, कधी होईल सांगता येत नाही, म्हणून अंगठा चालत राहतो. जुळणी झाली की रंगीत उत्सव होतो. त्या उत्सवाच्या पडद्यावर दोन पर्याय असतात, एक त्या माणसाला लिहायचा आणि दुसरा पुढे बघत राहायचा. माणूस नुकताच भेटला आहे, नावसुद्धा नीट वाचून झालेलं नाही, आणि पुढचा तयार आहे हे तुम्ही त्याच क्षणी सांगता. त्यात भर म्हणजे ज्यांना आपण आवडलो त्यांचे चेहरे धूसर करून दाखवायचे आणि पैसे भरले की स्पष्ट करायचे. आपण कुणाला तरी आवडलो आहोत ही माहिती माणसाला किती हलवते याचा अंदाज असल्याशिवाय ही युक्ती सुचणार नाही. धूसर चेहऱ्याकडे बघून मनात काय काय होतं याचा हिशेब कुणीतरी नक्कीच मांडला असणार. ज्याने मांडला त्याच्या हुशारीला सलाम, आणि त्याला एकदा स्वतःला तिथे बसवून बघायची विनंती.

२०२४ मध्ये, नेमक्या १४ फेब्रुवारीला, टिंडर आणि हिंज या दोन्हींची मालक असलेल्या मॅच ग्रुपवर अमेरिकेत खटला दाखल झाला. ॲप मुद्दाम व्यसन लागेल अशी रचली आहेत, असा दावेदारांचा आरोप होता. कंपनीने तो फेटाळला. न्यायालयात काय टिकतं आणि काय नाही, ते वकील बघतील. मला त्यातला साधा हिशेब पुरेसा वाटतो. दोन माणसं एकमेकांत खरंच रमली तर तुमचे दोन ग्राहक जातात. रमता रमता राहिली तर दोन्ही टिकतात. तुम्ही वाईट माणसं आहात असं मी मानत नाही. पण ज्या धंद्यात यश म्हणजे गिऱ्हाईक गमावणं, तिथे रोजच्या छोट्या छोट्या निर्णयांचा कल कुणीकडे झुकत असेल, हे कळायला संशयी असावं लागत नाही.

आता जरा प्रेम कसं जमतं याकडे येते, कारण तिथेच तुमची रचना उलटी पडते असं मला वाटतं.

१९९२ मध्ये रिचर्ड मोरलँड आणि स्कॉट बीच या संशोधकांनी एक सुंदर प्रयोग केला. दिसायला साधारण सारख्या चार तरुणी निवडल्या. विद्यापीठातल्या एका मोठ्या वर्गात त्या विद्यार्थिनी म्हणून येऊन बसायच्या. एक कधीच आली नाही, दुसरी ५ तासांना आली, तिसरी १० आणि चौथी १५. कुणाशी बोलायचं नाही, काही नाही. यायचं, बसायचं, जायचं. सत्राच्या शेवटी वर्गाला चौघींची छायाचित्रं दाखवली. जी जास्त वेळा आली होती ती जास्त आवडली. नुसत्या दिसत राहण्याने. रॉबर्ट झायन्स यांनी ओळखीतून आवड निर्माण होते हे १९६८ मध्येच मांडलं होतं, पण हा वर्ग मला त्याहून जवळचा वाटतो, कारण त्यात कुणीही काहीही सिद्ध करायला आलेलं नव्हतं.

त्याहून मोलाचं काम पॉल ईस्टविक आणि लुसी हंट यांचं, २०१४ मधलं. एका वर्गातल्या मुलामुलींना सत्राच्या सुरुवातीला विचारलं, कोण किती आकर्षक वाटतं? उत्तरं बऱ्यापैकी जुळली. कोण देखणं याबद्दल अनोळखी माणसांचं सहसा एकमत होतं. काही महिन्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा ते एकमत बरंच ढासळलेलं होतं. एकाला जी साधी वाटत होती ती दुसऱ्याला विलक्षण वाटू लागली होती, आणि पहिल्या दिवशीचा हिरो कुणाकुणाच्या मनातून उतरला होता. सहवासाने माणूस सगळ्यांना जास्त आवडू लागतो असं नाही. तो कुणाला तरी, खास त्यालाच, आवडू लागतो. आणि आपल्यासारख्या चारचौघांसारखं दिसणाऱ्यांची सगळी भिस्त यावरच असते.

हा काळच तुम्ही कापून टाकलात. ज्या क्षणी सगळ्यांचं मत सारखं असतं, नेमका तोच क्षण तुम्ही निवडीसाठी ठेवला. परिणाम काय होणार? थोड्या लोकांवर पसंतीचा पाऊस, बाकीचे कोरडे. आणि ज्याला डावीकडे सरकवलं तो बहुधा कायमचा गेला. वर्गात शेजारी बसलेला, कार्यालयात रोज जिन्यावर भेटणारा माणूस पहिल्यांदा नाही आवडला तरी उद्या पुन्हा दिसायचा. न आवडण्याचा पुनर्विचार करायची संधी त्याच्या येण्याजाण्यातच होती. कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठातल्या डॅनू अँथनी स्टिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दाखवलं की त्यांच्या अभ्यासातल्या सुमारे दोन तृतीयांश लोकांचं नातं आधी मैत्री आणि मग प्रेम असं घडलं होतं. तुमच्याकडे या माणसांसाठी काय आहे? आधी मैत्री व्हायला जो रिकामा, हेतू नसलेला वेळ लागतो, तो पडद्यावर मिळत नाही.

तुमचा अल्गोरिदम याची भरपाई करतो असं तुम्ही म्हणाल. सामांथा जोएल, ईस्टविक आणि एली फिंकल यांनी २०१७ मध्ये तेही तपासलं. लोकांकडून स्वतःच्या स्वभावाबद्दल आणि आवडीनिवडींबद्दल शंभरावर गोष्टी भरून घेतल्या, मग त्यांना एकमेकांना थोडा थोडा वेळ भेटवलं. कुणाला एकूणच लोक लवकर आवडतात आणि कोण एकूणच लोकांना आवडतं, याचा काही अंदाज संगणकाला बांधता आला. पण नेमकं कुणाला कोण आवडेल, हे त्या शंभर गोष्टींतून त्याला सांगता आलं नाही. मला हे वाचून मनापासून आनंद झाला, कबूल करते.

एक विषय राहून जाईल म्हणून मध्येच घेते, तो शांततेचा. मी टपालाच्या दिवसांसाठी उसासे टाकणाऱ्यांतली नाही. पत्रं हरवायची, भलत्याच्या हाती पडायची, आणि माझं अक्षर वाचून कुणी प्रेमात पडलं असतं असं मला वाटत नाही. पण तेव्हा उत्तर आलं नाही तर त्याला एक आडोसा होता. पोचलं नसेल, गावाला गेला असेल, लिहिलेलं वाटेत असेल. व्हॉट्सॲपवर २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये निळ्या खुणा आल्या आणि हा आडोसा गेला. आता कळतं की पोचलं आहे, वाचलं आहे, माणूस नुकताच ऑनलाइन होता, आणि त्याने काहीही न लिहायचं ठरवलं आहे. तुमच्यापैकी काही जण समोरच्याने वाचलं का हे कळण्यासाठी वेगळे पैसे घेतात. म्हणजे दुर्लक्षाची पावती विकत मिळते. आठवडे बोलून अचानक नाहीसं होणाऱ्यांबद्दल तर आता कुणी तक्रारही करत नाही. केली तर तू कुठल्या जगात राहतेस असं विचारतात. मला एका ओळीचा नकार चालतो. दुखतं, पण त्याला शेवट असतो. नाहीशा झालेल्या माणसाला शेवट नसतो, आणि कधीतरी मध्यरात्री त्याचा ‘काय करतेस?’ परत येतो.

आणि हल्ली तुम्ही कृत्रिम बुद्धिमत्तेकडून फोटो निवडून देता, स्वतःबद्दलच्या ओळी सुधारून देता. पहिला निरोप काय लिहावा हेही सुचवणारे मदतनीस निघाले आहेत. माझ्या गमतीशीर वाक्यावर त्याचं तितकंच गमतीशीर वाक्य येतं आणि दोन्ही आमची नसतात, अशी वेळ आली तर त्या दोन यंत्रांनाच भेटू द्या. आम्ही घरी राहतो.

सगळं वाईटच आहे असं मात्र नाही. बंबल या ॲपने २०१४ मध्ये पहिला शब्द स्त्रीचा असा नियम केला तेव्हा बायकांच्या निरोपपेटीतला बराच कचरा कमी झाला. (२०२४ मध्ये त्यांनी तो सैल केला, स्त्रीने आधीच एखादा प्रश्न ठेवायचा आणि पुरुषाने त्याला उत्तर द्यायचं अशी सोय दिली. दरवेळी पहिलं वाक्य सुचवण्याचा कंटाळा मी समजू शकते.) हिंज स्वतःला ‘काढून टाकण्यासाठी बनवलेलं’ म्हणवतं. ते किती खरं हे मला माहीत नाही, पण तिथे छायाचित्रातल्या किंवा लिहिलेल्या एखाद्या नेमक्या गोष्टीवर प्रतिसाद द्यावा लागतो, त्यामुळे निदान एकदा तरी वाचणं घडतं. उत्तर न दिलेली संभाषणं फार साठली तर आधी ती निस्तरा, मग नवीन माणूस, असाही प्रयोग त्यांनी २०२४ मध्ये केला. रोज मोजकीच नावं दाखवणारी ॲपही निघाली. म्हणजे वेग कमी करणं तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. तरीही जवळपास सगळीकडे पैसे मोजले की जास्त मिळतं: जास्त पसंती, जास्त प्रसिद्धी, जास्त माणसं. पैसे मोजून कमी मिळण्याची सोय शोधायला गेलं तर हाती फारसं काही लागत नाही. मी त्यासाठी मोजायला तयार आहे.

ती सोय कशी असावी हे मी सांगू शकते. दोघांनी ठरवलं की आपण सध्या एकमेकांशीच बोलू, तर दोघांच्या संमतीने बाकी सगळं झाकलं जावं. एक आठवडा, दोन आठवडे, जितके ठरतील तितके. कुणाला मोडायचं असेल तर एका बटणाने मोडावं, पण समोरच्याला ते कळावं. यात कुणावर जबरदस्ती नाही, आणि तो कोपऱ्यात आणखी कुणाशी बोलत असेल ही शंका निदान तुमच्या छताखाली तरी उरणार नाही. संभाषण बंद करताना आज तुम्ही कारण विचारता ते स्वतःच्या नोंदीसाठी. त्याऐवजी निरोपाची एक ओळ लिहून मगच बंद करता येईल असं करा. ‘आपलं जमणार नाही असं वाटतं, तुला शुभेच्छा’ एवढं आधीच लिहून ठेवलंत तरी लोक दाबतील. अनेक जण कठोर नसतात, त्यांना फक्त शब्द सुचत नाहीत. छळणाऱ्याला अर्थातच न बोलता बंद करता आलं पाहिजे, त्यात काही बदलू नका. धूसर चेहरे काढून टाका. ज्याला नाही म्हटलं तो काही महिन्यांनी पुन्हा एकदा दिसू द्या, आणि तेव्हा त्याचं छायाचित्र पुढे न ठेवता त्याने लिहिलेलं काहीतरी ठेवा. आणि दरवर्षी एक आकडा जाहीर करा: कुणीतरी सापडलं म्हणून किती लोक तुम्हाला सोडून गेले. एकूण सदस्य किती आणि जुळण्या किती कोटी झाल्या, ते आम्हाला ऐकून पाठ झालं आहे.

‘असं हवं असणारे लोक किती असणार?’ असं तुमच्या बैठकीत कुणीतरी विचारेलच. मलाही ते जाणून घ्यायचं आहे. तुम्ही दर आठवड्याला बटणांचे रंग बदलून कुणावर काय परिणाम होतो ते मोजत असता. हाही पर्याय एका महिन्यापुरता थोड्या लोकांना देऊन बघा. मला वाटतं की तो दाबणाऱ्यांत फक्त माझ्या वयाच्या बायका नसतील. रात्री खूप उशिरापर्यंत सरकवत बसणारे आणि सकाळी कुणाचंही नाव न आठवणारे तरुणही असतील. त्यांना कुणी जुन्या वळणाचं म्हणत नाही, म्हणून ते बोलत नाहीत एवढंच.

उत्तर आलं तर आवडेल. ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ एवढंच लिहायचं असेल तर तसदी घेऊ नका. आकडा कळवायचा असेल तर उशीर झाला तरी चालेल.

कळावे.

आपली,
एक वर्गणीदार (या महिन्याअखेरपर्यंत)